एक वार, दोन बाळं : मागे पडणाऱ्या जुळ्याचे प्रकरण

गगनबावडा तालुक्यातली २६ वर्षांची पहिलटकरीण. आठव्या आठवड्यात गावाजवळ सोनोग्राफी झाली. अहवालात एवढेच होते, "दोन जिवंत गर्भ, दोघांचे ठोके व्यवस्थित." घरी पेढे वाटले गेले. वार (बाळाला आईकडून पोषण पुरवणारी, प्लासेंटा) एक आहे की दोन, याबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता. खरे तर सातव्या-आठव्या आठवड्यात हे ओळखणे सर्वांत सोपे असते, कारण वारा दोन असतील तर दोन गर्भपिशव्या सरळ वेगळ्या दिसतात. पुढचे सगळे निर्णय याच एका उत्तरावर टेकलेले असतात.

(प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी जुळवलेले आहे, ते एका विशिष्ट बाईचे नाही. निर्णयांमागची कारणे मात्र रोजच्या कामातलीच आहेत.)

वार मोजणे आधी, बाळं मोजणे नंतर

कोल्हापुरातली पहिली सोनोग्राफी १२ आठवडे ४ दिवसांना झाली. एका बाळाची लांबी ६२ मिलीमीटर, दुसऱ्याची ५८. नैसर्गिक गर्भधारणेत जुळ्यांचे आठवडे मोठ्या बाळाच्या लांबीवरून ठरवतात. लहान बाळ धरून तारीख ठरवली तर त्याचे मागे पडणे तारखेतच मुरते आणि पुढे ते "आठवड्याला साजेसे" दिसत राहते.

दोन बाळांच्या पाण्याच्या पिशव्यांमधला पडदा पातळ होता आणि वारेला काटकोनात जाऊन टेकत होता, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा. वार दोन असत्या तर पडद्याच्या मुळाशी वारेची जाड पाचर घुसलेली दिसली असती. म्हणजे वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. त्या जागेचा फोटो छापून फाईलच्या पहिल्या पानाला लावला. पुढे कुणी शंका काढली तर शब्दापेक्षा तो फोटो कामाला येतो, कारण चौदा आठवड्यांनंतर ही खूण अस्पष्ट होत जाते.

इथे भारतातला एक वेगळा मुद्दा आहे. एक मुलगा आणि एक मुलगी दिसली तर वारा दोन समजाव्यात, असे परदेशी पुस्तकांत असते. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे ती खूण आपल्या अहवालात येऊ शकत नाही आणि येऊही नये. म्हणून ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतची ही खिडकी आपल्याकडे जास्त मोलाची. प्रत्येक सोनोग्राफीला याच कायद्याचा 'फॉर्म एफ' भरावा लागतो. अशा गरोदरपणात तो दहा-बारा वेळा भरला जातो. कंटाळून एखादी सोनोग्राफी गाळण्याचे ते कारण होऊ देऊ नये.

दोन वारांच्या जुळ्यांत काही अडचण नसेल तर विसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी वाढ पाहिली तरी चालते. वार एकच असेल तर सोळाव्यापासून दर दोन आठवड्यांनी, कारण त्या एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिले बाळंतपण आणि जुळे, असे दोन जोखमीचे मुद्दे एकत्र असल्याने रक्तदाबाच्या धोक्यासाठी रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासूनच सुरू केले.

सोळा आणि अठरा आठवड्यांना दोन्ही पिशव्यांतले पाणी चार सेंटीमीटरच्या आसपास होते आणि दोघांचे मूत्राशय भरलेले दिसत होते. रक्ताची एकतर्फी देवाणघेवाण सुरू झाली असती तर एका पिशवीत पाण्याची खोली दोनच्या खाली आणि दुसरीत आठच्या वर गेली असती. तसे काही नव्हते.

नाळ कुठे चिकटली आहे

विसाव्या आठवड्यात वजनाचा अंदाज आला : 'अ' २९० ग्रॅम, 'ब' ३४० ग्रॅम. तफावत काढताना फरकाला मोठ्या बाळाच्या वजनाने भागतात. ५० भागिले ३४०, म्हणजे १४.७ टक्के. अजून घाबरण्यासारखे नाही. सोनोग्राफीच्या वजनात दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरूनच चालावे लागते, आणि ती बहुतेक वेळा पोटाच्या घेरात होते. छेद तिरका गेला, मूत्रपिंड चौकटीत आले किंवा प्रोब जास्त दाबून पोट चपटे झाले की घेर बदलतो आणि वजन सरकते. घेर तीनदा मोजून मधला घ्यावा.

त्या दिवशी वजनापेक्षा महत्त्वाची नोंद वेगळीच होती. 'ब'ची नाळ वारेच्या मध्यावर होती, 'अ'ची अगदी काठावर. एका वारेवरच्या जुळ्यांत वारेचा वाटा सारखा मिळतोच असे नाही, आणि काठावरची नाळ ही लहान वाट्याची खूण असते. अहवालात लिहिले : "अ : आईच्या डाव्या बाजूला, खाली, नाळ काठावर. ब : उजवीकडे, वर, नाळ मध्यावर." या एका ओळीने पुढे मोठा घोळ टाळला.

बाविसाव्या आठवड्यात त्या माहेरी होत्या आणि सोनोग्राफी तिथल्या दुसऱ्या केंद्रात झाली. अहवाल आला : 'अ' ४९० ग्रॅम, 'ब' ३९५ ग्रॅम. कागदावर पाहिले तर 'अ'ने दोन आठवड्यांत २०० ग्रॅम कमावले आणि 'ब' ५५ ग्रॅमवर अडकले. वाचणाऱ्याला वाटावे, मागे असलेले पुढे गेले आणि पुढचे थांबले. प्रत्यक्षात त्या दिवशी बाळं थोडी हलली होती आणि तिथे जे आधी दिसले त्याला 'अ' म्हटले गेले. नाळेच्या जागेवरून ओळख पटवली तेव्हा खरा हिशोब निघाला : बारके २९० वरून ३९५, थोरले ३४० वरून ४९०. तफावत १९.४ टक्के.

जुळ्यांच्या फाईलमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. 'अ' आणि 'ब' ही केवळ अक्षरे. बाळाची ओळख बाजू, नाळेची जागा आणि वारेची जागा यांवरून पटते. केंद्र बदलणार असेल तर आधीचा अहवाल हातात देऊनच पाठवावे. नुसता "जुळे, २२ आठवडे" असा चिठ्ठीवरचा मजकूर पुरत नाही.

चोविसावा आठवडा

थोरले ६६० ग्रॅम, बारके ४९०. तफावत २५.८ टक्के, आणि बारक्याचे वजन त्या आठवड्याच्या तिसऱ्या शतमकाच्याही खाली, म्हणजे शंभरांतल्या सर्वांत लहान तिघांत. एका वारेच्या जुळ्यांत नुसते तिसऱ्या शतमकाखालचे वजनही निदानाला पुरते. तसे नसेल तर चारपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात : वजन दहाव्या शतमकाखाली, पोटाचा घेर दहाव्याखाली, २५ टक्के किंवा जास्त तफावत, आणि बारक्याच्या नाळेतल्या रक्तप्रवाहाचा रोध वाढलेला. इथे एका बाळाची निवडक वाढखुंट आहे यात शंका उरली नव्हती.

पुढचा प्रश्न प्रकाराचा. बारक्याच्या नाळेतला प्रवाह दोन ठोक्यांच्या मधल्या काळात चालू असेल तर पहिला प्रकार. कायम बंद किंवा उलटा असेल तर दुसरा. कधी चालू, कधी बंद असा हेलकावत असेल तर तिसरा. २००७ मधल्या या वर्गीकरणावर आजही काम चालते.

पहिल्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह चालू दिसला आणि पहिला प्रकार लिहिला जाणार होता. पण ती पट्टी पाच-सहा ठोक्यांची होती आणि नाळेच्या मधल्या, तरंगत्या भागातून घेतलेली. मग पुन्हा नीट बघितले. नमुना बारक्याची नाळ वारेला चिकटते त्या टोकाशी घेतला, वॉल फिल्टर कमीत कमी ठेवला, पडद्यावरची धाव सर्वांत संथ केली, बाळ शांत होण्याची वाट पाहिली आणि ताईंना श्वास हळू घ्यायला सांगितले. एका चौकटीत पंधरा-वीस ठोके बसले तेव्हा चित्र उघड झाले : सुरुवातीला शिखरांमधला प्रवाह हळूहळू खाली उतरला, चार-पाच ठोके तळाला टेकला, पुन्हा वर चढला. लाटेसारखे. घाईच्या पट्टीत नेमका वर चढलेला तुकडा सापडला होता.

वॉल फिल्टरचे कारण उलट्या बाजूचे आहे. तो वाढवून ठेवला तर मंद प्रवाह यंत्रच पुसून टाकते आणि नसलेला "बंद प्रवाह" अहवालात येतो.

ही लाट येते कुठून? वारेवर दोघांच्या रोहिणींना जोडणारी एक जाड वाहिनी असते आणि थोरल्याचा दाब तिच्यातून बारक्याच्या नाळेपर्यंत पोचतो. बारक्याला थोरले काही अंशी पोसत असते, म्हणून त्याचा दम आकड्यांवरून वाटतो त्यापेक्षा जास्त टिकतो. पण हाच जोड धोक्याचाही आहे. बारक्याचा दाब एकाएकी कोसळला तर थोरल्याचे रक्त त्या वाटेने तिकडे ओतले जाते आणि इजा थोरल्याच्या मेंदूला होते. तिसऱ्या प्रकारात आकडे स्थिर असतानाही बारके अचानक दगावण्याचा धोका १० ते २० टक्के असतो, आणि थोरल्यात मेंदूच्या इजेचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. "एक बारीक आहे, दुसरे छान आहे" हे वाक्य इथे निखालस चुकीचे ठरते.

घरच्यांशी बोलणे

सासूबाईंचा पहिला प्रश्न रास्त होता. "दूध-तूप वाढवलं तर बारकं भरून येईल की न्हाई?"

"नाही आजी. आईच्या खाण्यात काही उणं नाही. वारेतला त्याचा वाटाच लहान आहे. आईनं जास्त खाल्लं तरी तो वाटा मोठा होत नाही."

हे स्पष्ट सांगितले नाही तर दोष आईच्या ताटावर जातो आणि तिला विनाकारण ऐकून घ्यावे लागते. जाता जाता दुधाचे : गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे, पण गरोदरपणात न उकळलेले दूध नकोच. ब्रुसेलासारखे जंतू त्यातून येतात.

औषधांबद्दलही तसेच. आर्जिनिनची पाकिटे सर्रास लिहिली जातात. ती वारेचा वाटा बदलत नाहीत. पूर्ण अंथरुणावर झोपून राहण्याने वाढ होत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सिल्डेनाफिल तर देऊच नये : वाढखुंटीसाठी त्याची नेदरलँडमधली चाचणी नवजात बाळांच्या मृत्यूंमुळे २०१८ मध्ये थांबवावी लागली. रक्तातले हिमोग्लोबिन ९.८ होते, ते सुधारणे मात्र खरोखर गरजेचे होते, कारण जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तस्राव जास्त होतो.

पर्याय तीन मांडले. नीट लक्ष ठेवून थांबणे. दुर्बिणीतून लेसरने वारेवरच्या वाहिन्या तोडणे. ही सोय पुण्या-मुंबईतल्या मोजक्या केंद्रांत आहे, आणि तिसऱ्या प्रकारात ती अवघड असते व बारके दगावण्याची शक्यता वाढवते. तिसरा, बारक्याची नाळ बंद करून थोरल्याला वाचवणे; त्यात गर्भपात कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा आणि वैद्यकीय मंडळाचा प्रश्न लगेच उभा राहतो. गर्भवैद्यक तज्ज्ञांशी बोलून नवरा-बायको दोघांनी थांबण्याचा निर्णय घेतला. त्याच बैठकीत हेही सांगून ठेवले की बारके पोटातच दगावले तर घाईने सिझेरियन केल्याने थोरले वाचत नाही, कारण इजा व्हायची ती त्या क्षणीच होऊन गेलेली असते. अशा वेळी दुसरे बाळ दगावण्याचा धोका सुमारे १५ टक्के आणि मेंदूच्या इजेचा सुमारे २६ टक्के. तेव्हा थोरल्याच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग बघून रक्तक्षय तपासायचा, आणि चार ते सहा आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय. ऐकायला कठीण आहे, पण प्रसंग आल्यावर रात्री दोन वाजता हे समजावता येत नाही.

पावसाचा हिशोब

चोविसावा आठवडा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पडत होता. म्हणजे अठ्ठावीस ते बत्तीस आठवडे ऐन जुलै-ऑगस्टमध्ये. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ कुंभी नदीच्या पाण्याखाली जातो, कधी कधी दिवसचे दिवस बंद असतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; पाणी तिथे पोचण्याआधीच वरचे कितीतरी रस्ते तुटलेले असतात. आठवड्याला दोनदा डॉपलर लागणाऱ्या बाईला अशा गावी ठेवून "काही वाटलं तर या" म्हणणे हा सल्ला होऊ शकत नाही.

म्हणून सव्वीस आठवड्यांनाच शहरात नातेवाइकांकडे मुक्काम हलवला आणि अठ्ठावीस आठवड्यांना, जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे अशाच ठिकाणी, भरती केले. गावच्या आशाताईंना फोनवर सगळे कळवून ठेवले. एरवी तिसऱ्या प्रकारात प्रत्येकीला भरती करावेच असे नाही. इथे वैद्यकीय कारणाइतकेच रस्त्याचे कारण होते आणि ते फाईलमध्ये तसे लिहिले.

वाढ दर दोन आठवड्यांनी मोजली. त्याहून लवकर मोजून उपयोग नसतो. फरक मोजण्याच्या चुकीतच बुडतो.

२६ आठवडे : थोरले ८९०, बारके ६३०, तफावत २९.२ टक्के
२८ आठवडे : ११८० आणि ८००, तफावत ३२.२ टक्के
३० आठवडे : १५२० आणि ९९०, तफावत ३४.९ टक्के

तफावत वाढते आहे, पण बारके थांबलेले नाही. दोन आठवड्यांत १४०, मग १७०, मग १९० ग्रॅम. तफावतीच्या टक्क्यांकडेच पाहणारा तिसाव्या आठवड्यात घाबरून बाळंतपण करील. बारक्याची स्वतःची चढती रेघ पाहणारा थांबेल. आमच्या मते निर्णयात टक्केवारीचे वजन यापुढे कमी आणि डॉपलरचे जास्त असावे.

डॉपलर आठवड्यातून दोनदा, दर वेळी : दोन्ही पिशव्यांतले पाणी, बारक्याच्या नाळेचा प्रवाह संथ धावेवर, त्याच्या डक्टस व्हिनोससमधली (नाळेचे रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरेतली) 'ए' लाट, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन पावतानाचा प्रवाह, आणि दोघांच्याही मेंदूच्या मधल्या रोहिणीतला सर्वोच्च वेग. हा शेवटचा आकडा एकाचा सरासरीच्या दीडपटीवर आणि दुसऱ्याचा एकपटीखाली गेला तर एकाला रक्तक्षय आणि दुसऱ्याला दाट रक्त, अशी गुंतागुंत पाण्यात फरक न पडताही झालेली असते. ठोक्यांची पट्टी काढताना आधी सोनोग्राफीने दोन्ही हृदये शोधून खूण करावी. दोन्ही पट्टे एकाच बाळावर बसून दोन सारख्या सुंदर रेषा येणे ही नेहमीची फसगत आहे.

स्टिरॉइड कधी

अठ्ठावीस आठवड्यांना भरती होताच फुप्फुसांसाठीची इंजेक्शने देऊन टाकावीत, असा आग्रह झाला. दिली नाहीत. त्यांचा जास्तीत जास्त फायदा पहिल्या डोसानंतर चोवीस तासांपासून सात दिवसांपर्यंत असतो. रुग्ण नवजात विभागापासून एका मजल्यावर होती, बाळंतपण आठवडाभरात होईल असे काही दिसत नव्हते. तीच बाई गावी अडकली असती आणि रस्ता तुटायची चिन्हे असती तर उत्तर वेगळे असते.

३१ आठवडे ३ दिवसांना बारक्याच्या नाळेतला प्रवाह लाटेत वर यायचा थांबला आणि सलग बंद दिसू लागला. डक्टसमधला रोध वाढला, 'ए' लाट मात्र अजून पुढे वाहत होती. 'ए' लाट उलटण्याची वाट पाहायची नाही असे आधीच ठरले होते. तिसऱ्या प्रकारात बत्तिसाव्याच्या आसपास बाळंतपण करायचेच असते. बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम दिले, चोवीस तासांनी पुन्हा १२. दुसऱ्या दिवशी प्रवाह थोडा सुधारलेला दिसला. हा स्टिरॉइडचा तात्पुरता परिणाम असतो. तो पाहून तारीख पुढे ढकलली नाही. ठोक्यांची चढउतारही त्या दिवसांत कमी दिसते, तिलाही एकट्याने घाबरायचे नाही. आईची साखर दर सहा तासांनी तपासली.

बाळांच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट : ४ ग्रॅम वीस मिनिटांत, मग तासाला १ ग्रॅम. गुडघ्यावर टकटक केल्यावरचा झटका, श्वास आणि लघवीचे प्रमाण पाहत राहायचे.

३१ आठवडे ५ दिवसांना सिझेरियन झाले. दोन वॉर्मर, दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र चमू, जुळवून ठेवलेल्या दोन रक्तपिशव्या. बारके खाली असल्याने आधी आले : १०८० ग्रॅम. मग थोरले : १७६० ग्रॅम. तफावत ३८.६ टक्के. पुसत न बसता दोघांना मानेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतले आणि नाकातून सीपॅप (श्वासाला सतत हवेच्या दाबाचा आधार) लावला. पहिल्याच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, म्हणजे वार तपासताना कोणती कोणाची हे शोधावे लागत नाही. दोघांचे हिमोग्लोबिन १६.८ आणि १७.५, म्हणजे रक्ताची असमान वाटणी नव्हती.

वार धुऊन ताटात पसरली तेव्हा काठावरच्या नाळेच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा होता. दोन नाळांच्या मध्ये एक जाड, नागमोडी रोहिणी सरळ इकडून तिकडे गेलेली. आजीबाईंना ती दाखवली.

नवजात विभागात सगळ्यांचे डोळे १०८० ग्रॅमच्या बाळावर होते, आणि ते साहजिक आहे. पण या प्रकारात डोक्याची सोनोग्राफी थोरल्याचीही तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पूर्ण महिने भरतील त्या सुमारास ती दोघांचीही ठरवली. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी १२०० ग्रॅमखालच्या बारक्याची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, थोरल्याची चौथ्या आठवड्यात. दोन्ही तारखा घरी जाताना कार्डावर वेगवेगळ्या लिहून दिल्या, कारण जुळ्यांना एकाच दिवशी आणायचे म्हणून घरचे बहुधा नंतरची तारीख धरतात.